कुंभारगावच्या बोटवाल्या दादांना

नमस्कार दादा,

कसे आहात? हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही हे माहितेय, तुमची मुलगी वाचून दाखवेल, म्हणून तिलाच आधी सांगते की बाळा सावकाश वाच आणि बाबा मध्येच "बरं बरं, पुरे" म्हणाले तरी थांबू नकोस. सगळ्यांसमोर मुद्दाम लिहितेय. आमच्या फोटोंखाली लेन्सचं नाव असतं, शटर स्पीड असतो, आयएसओ असतो, पण होडी कुणी धरून ठेवली होती ते कधीच नसतं. तुम्हाला फोनवर विचारलं तर "नाव कशाला ताई" म्हणालात, म्हणून इथेही नाही लिहिलं. पण आभार तर मानणारच.

मागच्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा भिगवणजवळ तुमच्याकडे, उजनी धरणाच्या पाण्यावर आले ते आठवतंय ना? पहाटे चारला पुण्यातून निघालेली, भाड्याने आणलेली १५०-६०० लेन्स मांडीवर घेऊन, आणि डोक्यात एकच फोटो की फ्लेमिंगोंचा, म्हणजे रोहित पक्ष्यांचा, अख्खा थवा एकदम उडतोय, सगळे पंख उघडलेले. तुम्ही होडी पाण्यात घातली तेव्हा अजून धुकं होतं, वाटेत पट्टकादंब हे पक्षी दाखवलेत, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून आलेले, आणि मी त्यांचे चार फोटो काढून "रोहित कुठेत?" म्हणून पुन्हा विचारलं. आता विचार करते तेव्हा वाटतं, तिबेटकडून उडत आलेल्या पक्ष्याला मी दोन मिनिटंही दिली नाहीत.

मग रोहित दिसले. शंभरेक तरी असतील, उथळ पाण्यात चोच उलटी घालून चिखल गाळत होते. मी पाच मिनिटं क्लिक केलं आणि म्हटलं, "दादा, जरा जवळ घ्या ना, उडवा त्यांना." तुम्ही बांबू चिखलात रोवलात, होडी थांबवलीत आणि शांतपणे म्हणालात, "ताई, ते जेवायला बसलेत. ताटावरनं उठवायचं का कुणाला?"

मला त्यावर बोलताच आलं नाही. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो, आजी तर जेवणाऱ्याला हाकही मारू द्यायची नाही, पण पक्ष्यालाही ताट असतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तुम्ही पुढे सांगितलंत की हा पक्षी जागेवरून सरळ उडत नाही, पाण्यावर पळत जाऊन मग उठतो, त्यात त्याची ताकद जाते, आणि दिवसातून दहा बोटींनी दहा वेळा उठवला तर तो खाणार कधी. एवढंच बोललात आणि तंबाखू मळायला लागलात. ओरडला नाहीत, लेक्चर दिलं नाहीत.

आपण तिथे दीड तास बसलो. पहिला अर्धा तास मी मनातून चिडलेली होते हे आज कबूल करते. मग हळूहळू दिसायला लागलं. एक जण मान वर करून पहारा देतोय, बाकीचे खातायत, राखाडी पिसांची पिल्लं मोठ्यांच्या मागे मागे करतायत. तुम्ही एक शब्द न बोलता होडी थोडी फिरवून घेतलीत, सूर्य पाठीशी येईल अशी, आणि वारा कुठून आहे ते बोटाने दाखवलंत, म्हणालात उठले तर वाऱ्याच्या तोंडाला उठतील. वरून एक मार्श हॅरियर, शिकारी पक्षी, गेला, सगळ्या माना एकदम वर झाल्या, तुम्ही म्हणालात "आता", आणि ते पळायला लागले. उभे असताना पांढरे दिसणारे पक्षी पंख उघडल्यावर लाल-गुलाबी आणि काळे झाले, त्यांना अग्निपंख का म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. माझे बरेचसे फोटो हलले, हात थरथरत होते. चार चांगले आले. ते चारही तुमचे आहेत दादा, कारण जागा तुमची, दिशा तुमची आणि थांबणंही तुमचंच.

त्यानंतर घरी वहिनींनी चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी वाढली, ती चव अजून जिभेवर आहे.

मे महिन्यात पुन्हा आले तेव्हा पक्षी जवळजवळ सगळे गेले होते. पाणी पार खाली उतरलं होतं, तुम्ही पळसदेवचं देऊळ दाखवायला नेलंत, एरवी पाण्यात असणारं, तेव्हा चालत जाता येत होतं. परत येताना तुम्ही भेगाळलेल्या चिखलाकडे बांबू करून म्हणालात, "इथं आमची विहीर होती." वडिलांचं सगळं रान धरणात गेलं, ज्वारी व्हायची म्हणालात. मी तोवर उजनीच्या पाण्याकडे फक्त बॅकग्राउंड म्हणून बघत होते, लाइट कसा पडतोय, रिफ्लेक्शन येतंय का. आणि तुम्ही त्याच रानावर रोज होडी घालता, जाळं टाकता, आम्हाला फिरवता. "आता आमच्या रानात हे जेवतात," असं म्हणालात आणि तुमच्या आवाजात राग नव्हता, ते मला आजही नीट समजलेलं नाही पण विसरता येत नाही.

मला सांगायचंय ते हे की तुमचं ते ताटाचं वाक्य माझ्यासोबत वर्षभर फिरलं. मार्चमध्ये कोकणात वेळासला गेले, कासवांची पिल्लं बघायला. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली तर वाळूतून एक एवढंसं डोकं बाहेर आलं, मग दुसरं, आणि ती पिल्लं दोरीच्या पलीकडून समुद्राकडे निघाली. माझ्या बाजूच्या एका मुलाची लेन्स दोरीच्या आत जात होती, मी त्याचा हात धरून मागे घेतला, अनोळखी मुलगा होता, पण ऐकलं त्याने. मग उन्हाळ्यात विदर्भातल्या एका जंगलात वाघीण पाणवठ्यात बसलेली आणि भोवती जिप्सींची नुसती गर्दी, मी ड्रायव्हरला म्हटलं आपण मागेच थांबू, त्याला नवल वाटलं. फोटो लांबचा आला, वाघीण छोटी आणि पाणवठा मोठा. पण ती बसून राहिलेली आहे त्यात, उठून गेलेली नाही, आणि मला तो फोटो फार आवडतो.

सगळ्यात जास्त आठवण आली ती आंबोलीत. जूनअखेर, रात्री टॉर्च घेऊन आम्ही सहा जण, पाऊस असा की रेनकोटच्या आत पाणी. आंबोली टोड नावाचा एक छोटासा बेडूक आहे दादा, त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली तीच २००९ मध्ये, आणि तो त्या भागाबाहेर सापडणं मुश्कील. पहिल्या पावसात कातळावर पाण्याची जी उथळ डबकी साचतात, तळहाताएवढी, त्यात त्याचा सगळा संसार असतो, अंडी तिथेच. आमच्यातला एक जण म्हणाला, याला उचलून त्या शेवाळलेल्या दगडावर ठेवू, फ्रेम मस्त येईल. झाडावरच्या हिरव्या चापडा सापालाही काठीने फांदीच्या पुढे आणू म्हणाला. मी म्हटलं नाही. तो म्हणाला दोन मिनिटांचं तर काम आहे. मी म्हटलं, तो घरात आहे त्याच्या, आपण दारात उभे आहोत. मग भिगवणची गोष्ट सांगितली, तुमच्याच शब्दांत, ताटावरनं उठवायचं का म्हणून. सगळे गप्प झाले. मग आम्ही सहाही जण ओल्या कातळावर पोटावर झोपलो आणि तो जिथे होता तिथेच त्याचे फोटो काढले, मागे चिखल, पुढे गवताची काडी आडवी. चांगले आलेत. काडीसकट चांगले आलेत.

कासला सप्टेंबरात गेले, तिथे फार नाही लिहीत, सीतेची आसवं फुलली होती, निळी-जांभळी, नखाएवढी. कडेला बसून काढली, एकही पाय फुलांत न टाकता.

दादा, गेल्या बारा महिन्यांत तुम्ही मला सात वेळा फोन केलात, मी मोजलेत. "ताई, पाणी उतरलंय", "ताई, चित्रबलाक आलेत", "ताई, धुकं आहे, आज येऊ नका, उगाच पेट्रोल जाईल". त्या धुक्याच्या दिवशी माझं बुकिंग होतं, तुमचा रोज बुडणार होता, तरी फोन केलात. बोटीचे पैसे मी देते, पण या फोनचे, त्या दीड तासाचे आणि त्या विहिरीच्या गोष्टीचे पैसे मी कुठे देऊ शकते? म्हणून हे पत्र.

यंदा पाऊस चांगला झाला, धरण भरलेलं आहे, त्यामुळे रोहित उशिरा येतील हे तुम्हीच सांगितलंत, उथळ पाणी झाल्याशिवाय त्यांचे पाय टेकत नाहीत. घाई नाही. मी एक मोठी प्रिंट काढून ठेवलीय, पक्ष्यांची नाही, तुमची आहे, होडीच्या टोकावर बांबू धरून उभे आहात आणि मागे नुसतं पाणी. तुम्हाला न सांगता काढली होती, त्याबद्दल माफ करा. पाणी उतरलं की फोन करा, घेऊन येते. मुलीला बारावीसाठी शुभेच्छा, आणि वहिनींना सांगा, कालवण यावेळी मी शिकूनच जाणार आहे.

तुमची,
पुण्याची ताई