स्वतःच्या फोनचा वेग कमी करणाऱ्या ताईंना

ताई,

तुमची ईमेल आली त्या रात्रीच मी उत्तर पाठवलं होतं. दोन ओळींचं. माफ करा, आणि लगेच दुरुस्त करतो. दुरुस्ती झाली, नवी आवृत्ती तुमच्या फोनवर पोहोचली, "आता बरोबर वाचतंय" असं तुम्ही कळवलंतही. पण मला जे म्हणायचं होतं ते त्या दोन ओळींत आलंच नाही. ते आता उघडपणे लिहितोय, कारण अ‍ॅप बनवून विकणारे माझ्यासारखे कितीतरी आहेत आणि तुम्ही काय केलंत ते त्यांनीही वाचावं असं मला वाटतं.

आधी माझी चूक सांगतो. माझं अ‍ॅप औषधांच्या वेळांची आठवण करून देतं. वेळ झाली की औषधाचं नाव येतं आणि खाली दोन बटणं असतात, 'घेतली' आणि 'टाळली'. मी त्या बटणांवर शब्द लिहिले नव्हते, चित्रं टाकली होती. एकावर बरोबरची खूण, दुसऱ्यावर फुली. डोळ्यांनी पाहणाऱ्याला तेवढं पुरतं. तुम्ही मात्र फोन कानांनी वापरता. स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, पण चित्राला डेव्हलपरने कोडमध्ये नाव दिलेलं असावं लागतं. अँड्रॉइडवर त्याला कंटेंट डिस्क्रिप्शन म्हणतात, आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटी लेबल. एका बटणाला एक ओळ. ती मी लिहिली नव्हती. त्यामुळे तुमच्या आईंच्या औषधाचं नाव फोन नीट सांगायचा, वेळ सांगायचा, आणि ऐन नोंद करायच्या क्षणी म्हणायचा, "बटण". बोट पुढे सरकवलं की पुन्हा, "बटण".

तुम्ही त्यातूनही वाट काढली होतीत. बिननावाच्या बटणाला आपलं आपण नाव देण्याची सोय फोनमध्ये असते, ती तुम्ही वापरलीत. माझ्या एका अपडेटने ती नावं पुसली गेली. मग तुम्ही क्रम पाठ केलात. पहिलं म्हणजे घेतली, दुसरं म्हणजे टाळली. आणि पुढच्याच अपडेटमध्ये मी त्या दोन बटणांच्या जागांची अदलाबदल केली.

का केली तेही इथेच सांगायला हवं. विक्री थंडावली होती. अ‍ॅप विकणाऱ्याच्या मनात अशा वेळी काय चालतं ते विकणाऱ्यालाच ठाऊक. रोज सकाळी उठल्यावर आदल्या दिवशीचा आकडा बघायचा, आणि तो आकडा खाली आला की हाताला लागेल ते बदलायचं. मी पैसे मोजून एका सल्लागाराला विचारलं. तो म्हणाला, स्टोअरवरचे तुमचे स्क्रीनशॉट जुनाट दिसतात, हिरवं बटण उजवीकडे घ्या, चित्र उठून दिसेल. घेतलं. चित्र उठून दिसलं. त्या दिवसापासून नऊ दिवस तुम्ही आईंना प्रत्येक गोळी वेळेवर देत होतात, आणि माझं अ‍ॅप प्रत्येक गोळीपुढे 'टाळली' अशी नोंद करत होतं.

ती यादी बघून डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, औषध का बंद केलंत? तुमची स्मरणशक्ती पक्की म्हणून तुम्ही ठामपणे नाही म्हणू शकलात. डॉक्टरांनी तुमच्यापेक्षा यादीवर जास्त विश्वास ठेवला असता तर? त्या यादीकडे बघून डोस वाढवला असता तर? मी हे अजून स्वतःला विचारतो आणि अजून मला पोटात ढवळल्यासारखं होतं.

एवढं घडल्यावर माणूस काय लिहितो ते मला चांगलं माहीत आहे, कारण त्याहून फार फार किरकोळ कारणांसाठी मला लोकांनी काय काय लिहिलंय. तुम्ही मात्र एक रेकॉर्डिंग पाठवलंत. चार मिनिटांचं, पडदा आणि आवाज दोन्ही असलेलं, म्हणजे तुमचा फोन तुम्हाला काय सांगतो ते मला तुमच्या जागी बसून ऐकता यावं. सुरुवातीला मला एक अक्षर कळलं नाही. रोज स्क्रीन रीडर वापरणारी माणसं त्याच्या बोलण्याचा वेग इतका वाढवून ठेवतात की सवय नसलेल्या कानाला ती नुसती सरसर वाटते. मी दोनदा मागे जाऊन ऐकलं, तरी तेच. आणि मग साधारण चाळिसाव्या सेकंदाला तुम्ही थांबलात. तुमचा आवाज आला, "थांबा हं, तुम्हाला हे कळणार नाही. मी वेग कमी करते."

तुम्ही सेटिंगमध्ये गेलात, वेग खाली आणलात, परत माझ्या अ‍ॅपमध्ये आलात आणि सगळं पहिल्यापासून करून दाखवलंत. औषधाचं नाव. वेळ. बटण. बटण. प्रत्येक ठिकाणी मला ऐकायला पुरेसा वेळ देऊन.

ताई, मी ते रेकॉर्डिंग किती वेळा ऐकलं याची गणती नाही, पण अ‍ॅपमधली चूक शोधायला फक्त पहिल्यांदा ऐकलं. नंतर ऐकलं ते त्या एका वाक्यासाठी. माझ्या अ‍ॅपने दोन वर्षांत तुमच्यासाठी एक शब्द खर्च केला नव्हता. दोन शब्द लिहिले असते तर तुमचं काम झालं असतं, ते मी लिहिले नाहीत. आणि तुम्ही, जिला त्या संथ आवाजात ऐकणं म्हणजे हातपाय बांधल्यासारखं झालं असणार, तुम्ही माझी अडचण माझ्याआधी ओळखलीत. मला कुठे अडेल हा विचार तुम्ही केलात. हा विचार करणं माझं काम होतं, मी त्याचे पैसे घेत होतो.

आता ज्यांनी तो केला नाही त्यांच्याविषयी, आणि त्यांत पहिला मी. अ‍ॅप बाजारात आणण्याआधी मी एका संस्थेकडून ते तपासून घेतलं होतं. देखणा अहवाल आला. सर्व कसोट्या उत्तीर्ण, सुलभतेच्या, म्हणजे अंध-अपंगांनाही अ‍ॅप वापरता येतं का याच्या, रकान्यात हिरवी खूण. ज्याने ती खूण केली त्याने एकदाही स्क्रीन रीडर चालू केला नसणार, कारण चालू केला असता तर पहिल्या मिनिटात कळलं असतं. मी काही वर्षं नोकरी केली तिथे मी एकदा हा विषय काढला होता. वरिष्ठांनी विचारलं, असे वापरणारे आहेतच किती? मला उत्तर देता आलं नाही आणि मी गप्प बसलो. आज देता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात किमान २२० कोटी लोकांना जवळचं किंवा दूरचं पाहण्यात काही ना काही अडचण आहे. सगळेच काही स्क्रीन रीडर वापरत नाहीत, कुणाला मोठी अक्षरं लागतात, कुणाला ठळक रंग. पण "कितीसे" असं म्हणण्याजोगा हा आकडा नाही. आणि एकच जण असती, तिच्या आईची औषधं माझ्या अ‍ॅपवर अवलंबून असती, तरी प्रश्न तोच राहिला असता.

साधनं नव्हती असंही म्हणता येत नाही. आयफोनवर व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर २००९ पासून आहे, अँड्रॉइडवर टॉकबॅकही त्याच सुमाराचं. वेबच्या सुलभतेच्या निकषांची दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली, आणि चित्राला शब्दांत पर्याय द्या हे त्यातलं अगदी पहिलं कलम. मी अ‍ॅप लिहायला शिकलो तेव्हा हे सगळं तयार होतं. मी वाचलं नव्हतं, कारण ते न वाचताही अ‍ॅप विकलं जात होतं.

विकलं जात होतं, पण कुणाला? आमच्या धंद्यातली ही गोष्ट बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसते. स्टोअर मला किती प्रती गेल्या आणि कोणत्या देशात गेल्या ते सांगतं, आपला वाटा कापून घेतं, उरलेले पैसे पाठवतं. घेणाऱ्याचं नाव येत नाही. १९८२ मध्ये जिम नॉफ आणि अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी आपापले प्रोग्राम 'वापरा, दुसऱ्याला द्या, आवडलं तर पैसे पाठवा' अशा बोलीवर सोडले, तिथून शेअरवेअरची सुरुवात झाली. तेव्हा पैसे टपालाने यायचे, म्हणजे पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव असायचं. त्या पद्धतीचे तोटे होतेच, बहुतेक लोक पैसे पाठवत नसत. आजची पद्धत सोपी आहे, आणि मोठ्या स्टोअर्सनी २०२१ मध्ये छोट्या विक्रेत्यांकडून ३० ऐवजी १५ टक्के घ्यायला सुरुवात केली याचा मला फायदाच झाला. पण दोन वर्षं मी तुम्हाला विकत होतो आणि माझ्या लेखी तुम्ही आलेखातला एक ठिपकाही नव्हतात, ठिपक्यातला एक अंश होतात. तुमचा आवाज ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा माझं अ‍ॅप वापरणारं माणूस भेटलं.

आणि तुम्ही पैसे परत मागितले नव्हते. ते मी नंतर विचारलं, तेव्हा तुम्ही लिहिलंत, "आठवण तर वेळेवर करतंच ना ते." एवढ्या एका वाक्याने मला रडू आलं.

तुमच्यासारखी माणसं या क्षेत्रात पहिल्यापासून आहेत, आणि त्यांच्या जिवावर आम्ही उभे आहोत हे आम्ही सोयीने विसरतो. एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा मोफत स्क्रीन रीडर घ्या. मायकेल करन यांनी तो २००६ मध्ये लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. त्या वेळचे स्क्रीन रीडर इतके महाग होते की संगणकाहून त्याचा आवाजच महाग पडायचा. त्यांनी स्वतःची अडचण सोडवली आणि तिथे न थांबता ती जगातल्या प्रत्येकासाठी फुकट करून टाकली. मी तुमच्या ईमेलनंतर तो उतरवून घेतला आणि माझी स्वतःची वेबसाइट त्यावर ऐकली. तीही दुरुस्त करावी लागली.

अशी आणखीही माणसं आठवतात. चूक सापडली तर ती नेमकी कुठे, कशानंतर, कोणत्या आवृत्तीत हे शांतपणे लिहून पाठवणारी. त्यांना त्याचे कुणी पैसे देत नाही. रागावण्याचा पूर्ण हक्क असताना ती समोरच्याला समजेल असं बोलतात. मी बऱ्याच हुशार लोकांबरोबर काम केलंय, पण असं बोलणारी माणसं त्यांत फार थोडी भेटली.

आता रोज काम संपवण्याआधी मी फोनचा पडदा काळा करतो आणि माझं अ‍ॅप केवळ कानांनी वापरून बघतो. सुरुवातीला पाच मिनिटांत घाम फुटायचा, आता जमतं. वेग मात्र अजून तुम्ही माझ्यासाठी ठेवला होतात तेवढाच आहे. हळूहळू एकेक पायरी वाढवीन. 'घेतली' आणि 'टाळली' ही बटणं आता जिथे आहेत तिथून हलणार नाहीत, हे मी कोडमध्ये त्या ओळीच्या वर लिहून ठेवलंय, कारणासकट. तुमचं नाव लिहिलेलं नाही, पण पुढे हे काम कुणाच्याही हातात गेलं तरी त्याला ते वाचावं लागेल.

आईंना माझा नमस्कार सांगा. आणि हे पत्र तुमच्या नेहमीच्या वेगातच ऐका.

तुमचा कृतज्ञ,
अ‍ॅपवाला