रसद विमानाने आली, पण खंदकापर्यंत कोणी नेली?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रह्मदेश मोहिमेवर आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. ब्रिटिश-भारतीय आणि जपानी सैन्यांत झालेल्या कोहिमा-इम्फाळच्या १९४४ सालच्या लढायांचे वर्णन त्यात चांगले उतरले आहे. मात्र ‘विमानांमुळे रसदीचा प्रश्न सुटला’ हे त्यातील विधान मला अपुरे वाटते, म्हणून हे पत्र.

डाकोटा ही मालवाहू विमाने छत्रीने गाठोडी टाकून निघून जात. ती कधी दरीत पडत, कधी झाडांच्या शेंड्यांत अडकत, तर कधी सरळ शत्रूच्या हाती लागत. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण छत्रीधारी ब्रिगेडबरोबर वेढ्यात सापडली, तेव्हा हेच घडले. टेकडीवर पाण्याची सोय नव्हती आणि वरून टाकलेले बरेचसे सामान जपान्यांच्या हद्दीत गेले. मराठी वृत्तपत्राच्या लेखात सांगशाकचे नावही नसावे, याचे थोडे वाईट वाटले.

जे गाठोडे हाती लागे, ते पुढे माणसाच्या पाठीवरूनच जाई. नागा टेकड्यांत वेताच्या करंडीचा पट्टा कपाळावर घेऊन, पुढे वाकून, चिखलात पायाच्या बोटांनी पकड घेत गावकरी तांदूळ आणि दारूगोळा वर नेत, आणि उतरताना जखमींना घेऊन येत. एका स्ट्रेचरला चार माणसे लागत. निसरड्या उतारावर तेवढी पुरत नसत, आणि पावसात प्रत्येक पावलाचा धक्का जखमी माणसाला जाणवे. ब्रह्मदेशातील कलादान खोऱ्यात उतरलेली ८१वी पश्चिम आफ्रिकी डिव्हिजन तर सर्वस्वी हवाई रसदीवर अवलंबून होती. तरीही तिच्याबरोबर डोक्यावरून ओझे वाहणाऱ्यांच्या तुकड्या होत्याच, कारण त्या डोंगरांत चाकाचे वाहन सगळीकडे जाऊ शकत नव्हते.

आजारपणाचा मुद्दाही लेखात एका ओळीत उरकला आहे. ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेचे सेनापती जनरल स्लिम यांनी नंतर लिहून ठेवले की, १९४३ साली जखमी म्हणून मागे धाडलेल्या एका सैनिकामागे १२० जण आजारी म्हणून मागे धाडावे लागत होते. हिवताप, आमांश, स्क्रब टायफस, जळवांच्या चाव्यांतून चिघळलेली गळवे, असा तो सारा प्रकार होता. मेपाक्रिन या हिवतापावरील गोळीने कातडी पिवळी पडे आणि पुरुषत्व जाते अशी अफवा पसरल्याने शिपाई ती गुपचूप थुंकून टाकत. शेवटी स्लिम यांनी अचानक रक्ततपासण्या सुरू केल्या आणि ज्यांच्या पलटणीत गोळी घेणारे कमी आढळले अशा तीन अधिकाऱ्यांना पदावरून दूर केले. माझ्या मते हा निर्णय एखाद्या लढाईइतकाच महत्त्वाचा होता.

ओझ्याचा हिशेब चुकला तर काय होते, हे जपानी बाजूकडे पाहिल्यावर कळते. जेमतेम तीन आठवड्यांचे अन्न घेऊन त्यांच्या डिव्हिजन निघाल्या. सोबत हाकलेल्या जनावरांपैकी बरीचशी चिंदविन नदी ओलांडताना आणि पुढच्या चढणीवर मेली. अखेर कोहिम्यासमोरील जनरल सातो यांनी वरिष्ठांचा आदेश धुडकावून उपाशी सैन्य मागे घेतले. त्या माघारीच्या वाटेवर भूक आणि रोग यांनी असंख्य जपानी सैनिक दगावले. आझाद हिंद फौजेच्या जवानांच्याही वाट्याला तेच हाल आले.

कोहिम्याच्या युद्धस्मशानभूमीत दहन झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांची नावे स्मारकावर कोरलेली आहेत. पटावर असलेल्या शिपायाची निदान एवढी नोंद राहिली. गावातून आलेल्या ओझेवाल्यांची आठवण मात्र बहुधा ‘स्थानिकांनी मोलाची मदत केली’ एवढ्यावरच भागवली जाते, आणि आपल्या लेखातही नेमके हेच वाक्य आहे. लेखाचा पुढील भाग येणार असल्यास त्यात या माणसांना निदान एक परिच्छेद द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक