मनिलात टॉवेल फेकलाच नव्हता

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला एडी फच यांच्यावरचा लेख वाचला. बॉक्सरला सोडून त्याच्या प्रशिक्षकावर अर्धं पान दिलंत, याबद्दल मनापासून आभार. पण मनिलातल्या मोहम्मद अली विरुद्ध जो फ्रेझियर या लढतीत फ्रेझियरचे प्रशिक्षक असलेल्या फच यांनी ‘भावनेच्या भरात टॉवेल फेकून फ्रेझियरचा हातातोंडाशी आलेला विजय घालवला’ या वाक्याने फार संताप आला.

बॉक्सरच्या बाजूने हार मानायची तर रिंगमध्ये टॉवेल फेकतात; इथे तो फेकलाच नव्हता. चौदावी फेरी संपल्यावर फच यांनी लढत थांबवत असल्याचं रेफ्री कार्लोस पॅडिला यांना कळवलं. विजयही हातातोंडाशी नव्हता. तिन्ही गुणपत्रकांवर अली पुढे होता. उरलेल्या एका फेरीत फ्रेझियरला नॉकआउटच लागणार होता. आणि तो मारायचा तर समोरचा दिसायला हवा! फ्रेझियरचा डावा डोळा मोतीबिंदूने आधीच अधू होता. उजवा सुजून बंद झाला, तसे अलीचे उजव्या हाताचे ठोसे येताना दिसेनासे झाले. तेराव्या फेरीत तर त्याचं माउथगार्ड उडून गेलं होतं.

दोन फेऱ्यांमध्ये मिळतो एक मिनिट. त्यात बॉक्सरला बसवायचं, माउथगार्ड काढायचं, श्वास खाली येऊ द्यायचा आणि मग एखाददुसरी सूचना द्यायची. जास्त बोललं तर डोक्यात काहीच राहत नाही. कातडी फाटली असेल तर १:१००० ॲड्रेनलिनमध्ये बुडवलेली कापसाची काडी जखमेत दाबून धरतात, वरून व्हॅसलिन लावतात. सुजेवर गार धातूचा ठोकळा सरळ दाबायचा असतो. तो घासला तर आत साचलेलं रक्त आजूबाजूला पसरतं आणि डोळा आणखी मिटतो. फाटलेली जखम मिनिटभरात आवरता येते, पूर्ण मिटलेला डोळा उघडता येत नाही. फच यांना हे नेमकं ठाऊक होतं. फ्रेझियर ‘मला लढायचंय’ म्हणत असताना त्यांनी त्याला खाली बसवलं. याला भावनेचा भर कसं म्हणता?

लेखात नॉर्टनचं नावही नाही, याचं अधिक वाईट वाटलं. मार्च १९७३ मध्ये सॅन डिएगोत केन नॉर्टनने अलीला हरवलं, त्याचा जबडा मोडला, ती आखणी फच यांची होती. अली जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारतो तेव्हा त्याचा उजवा हात समोरचा जॅब अडवण्याच्या जागी नसतो, हे त्यांनी हेरलं होतं. म्हणून नॉर्टनला सांगितलं: उजवा हात वर ठेवून अलीचा जॅब झेल, त्याच क्षणी तुझा जॅब मार आणि मागे न सरकता पुढचं पाऊल टाक. असं करत अलीला रिंगच्या दोरांपर्यंत रेटायचं आणि तिथे पोटावर मारायचं. अलीला व्यावसायिक लढतींत हरवणारे एकूण पाच जण. त्यांपैकी फ्रेझियर, नॉर्टन, होम्स आणि बर्बिक या चौघांनी कधी ना कधी फच यांच्या हाताखाली सराव केला. हृदयातल्या दोषामुळे स्वतः व्यावसायिक बॉक्सर होऊ न शकलेल्या माणसाची ही कारकीर्द तुम्ही एका चुकीच्या वाक्यात गुंडाळलीत.

आणखी एक. लढतीची तारीख ३० सप्टेंबर १९७५ छापली आहे. ती अमेरिकेतली. मनिलात तेव्हा १ ऑक्टोबरची सकाळ होती आणि लढत तिथेच झाली. टॉवेल आणि तारीख, दोन्हींची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक