बाबा, दुनळी नवी करू नका

सीबीडी बेलापूर, नवी मुंबई
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

खंडेनवमीला नौपाड्याहून निघताना बाबा जिन्यापर्यंत सोडायला आलात आणि म्हणालात, "दिवाळी झाली की दुनळी बंदुकीच्या दुकानात देतो. नवीकोरी करून आणतो, मग तिची चामड्याची केस बंद ती बंदच." आई डबे भरून देत होती, गाडी खाली उभी होती, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण घरी आल्यापासून चैन नाही. फोनवर आजोबांच्या त्या दोन नळ्यांच्या बंदुकीचा विषय निघाला की दोन मिनिटांत तुमचा आवाज चढतो आणि माझाही, म्हणून लिहितेय. माझं म्हणणं एवढंच: तिला नवी करू नका, तिच्यातून पुन्हा बार काढा. आई, तूही वाच, यात तुझंही काम आहे.

त्या दिवशी पूजा झाल्यावर तुम्ही शेजारी आरामखुर्चीत बसला होतात आणि मी चष्मा लावून दुनळी नीट पाहिली. कुंकवाचे कण चापाच्या वरच्या नक्षीत जाऊन बसलेत. झेंडूचं पाणी दरवर्षी ज्या जागी ओघळतं, तिथे नखाएवढा तांबूस डाग आहे. नळ्यांखालचा लाकडी भाग काढला तर आत गंजाची बारीक रेघ, ओल्या सुईवर येते तशी. १९९६ च्या भाताच्या हंगामात आजोबांनी शेवटचा बार काढला, त्यानंतर या बंदुकीत काडतूस गेलेलं नाही. म्हणजे हा गंज सगळा केसमध्ये बसून आलाय. चामडं ठाण्याच्या पावसाळ्यात ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली द्रव्यंही लोखंडाला सोसत नाहीत. त्यात वरून खोबरेल. आजोबा लावायचे म्हणून तुम्ही लावता, पण आजोबा दर आठवड्याला पुसून पुन्हा लावायचे. वर्षभर तसंच राहिलं की त्याचा चिकटा होतो.

धाकटीची एअर रायफल बघा. चार वर्षं झाली, रोज साठ-सत्तर पेलेट जातात तिच्यातून, घामेजलेले हात लागतात. म्हणूनच रोज पुसली जाते. तिच्यावर गंजाचा ठिपका नाही. मला एनसीसीत .२२ हातात मिळायच्या आधी फुलतरू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, आणि चिंदी मिळाली होती. नळीतून चिंदी पांढरी निघेपर्यंत उस्ताद जेवायला सोडत नसत. तुम्ही म्हणाल, मग पुसू की, बार कशाला काढायचा? बाबा, अठ्ठावीस वर्षं दुनळी तुमच्या नावावर आहे, आणि निवडणुकीत पोलिसांकडे जमा करायची वेळ सोडली तर ती वर्षातून एकदाच उघडते. वापरायची नसलेली वस्तू पुसायचं लक्षात राहत नाही. तुमच्यासारख्या माणसाच्याही राहिलं नाही.

आणखी एक. या धाटणीच्या बंदुकीत उघडण्यासाठी नळ्या खाली वाकवल्या की आतले दोन्ही घोडे आपोआप चढतात. तुम्ही दर खंडेनवमीला ती उघडता, जोडता, पण रिकाम्या बंदुकीचा चाप ओढायचा नाही ही आजोबांची शिकवण. शिकवण बरोबर आहे, काडतुसावर आदळणारी पिन तुटू शकते. पण त्यामुळे दोन्ही स्प्रिंगा इतकी वर्षं ताणलेल्याच आहेत. त्यासाठी खोटी काडतुसं मिळतात, पिनेला गादी असलेली. ती घालून चाप सोडून ठेवायचा. मी दोन मागवते.

आता दुकानदाराबद्दल. नळ्यांना पुन्हा काळा-निळा मुलामा चढवू, दस्ता घासून पॉलिश करू, असं तो म्हणाला ना? दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी मऊ डाकानं, म्हणजे झाळून, जोडलेल्या असतात. हल्ली मुलामा चढवायची झटपट पद्धत उकळत्या क्षारांची आहे, आणि ते क्षार हा डाक खातात. पट्टी सुटली की बंदूक संपली. असल्या नळ्यांना सावकाश गंज चढवून काळं करायची जुनी पद्धतच चालते, आणि त्याला ती येते की नाही हे तुम्ही विचारलेलंही नाही. सध्या आपल्या नळ्या ठणठणीत आहेत. त्या दिवशी मी आकड्याला सुतळी बांधून त्या लोंबत्या धरल्या आणि नखानं टिचकी मारली, आठवतं? देवघरातल्या घंटेसारखा नाद निघाला आणि रेंगाळला. डाक सुटला असता तर भद्द आवाज आला असता. आई स्वयंपाकघरातून "आरती आहे का पुन्हा?" म्हणत बाहेर आली होती.

आणि दस्ता. त्या अक्रोडाच्या लाकडावर आजोबांचा गाल जिथे टेकायचा, तिथे रंग फिकट होऊन लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालंय. खाली आडवा ओरखडा आहे तो मळ्याच्या बांधावरून ते घसरले तेव्हाचा. पॉलिशपेपर मारला की दोन्ही जाणार. मग आपल्या घरात बर्मिंगहॅमची एक चकचकीत वेब्ली अँड स्कॉट राहील आणि आजोबांची बंदूक राहणार नाही.

न उडवलेल्या बंदुकीला मान आणि मोल जास्त असतं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. कारखान्यातून निघाली तशी, एकही काडतूस न पाहिलेली बंदूक कुणाकडे असेल तर त्यानं ती उडवू नये असंच मी म्हणेन. तिचं कोरेपण एका बारात जातं आणि परत येत नाही. वाघनखं लंडनहून साताऱ्याला आली, ती काचेआडच हवीत. आणि १९८० च्या दशकात परदेशी बंदुकांची खासगी आयात बंद झाल्यापासून असल्या जुन्या बंदुका दुर्मीळ झाल्यात, हेही खरं. पण आपली दुनळी पहिल्या वर्षापासून राबलेली आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली, चिखलात उभी राहिलेली. आई, तू लग्न होऊन राजापूरकडे गेलीस तेव्हा रात्री मळ्यावर कंदील धरून तूच उभी राहायचीस ना? १९७२ चा वन्यजीव कायदा आला होता, आजोबा हवेतच बार काढायचे आणि डुकरं भातातून पळायची. पहिल्या बाराला तुझ्या हातून कंदील पडला, ही गोष्ट तू मला किती वेळा सांगितली असशील. तिला आता कोरी कशी करणार?

बाबा, तुमच्या मनातलं खरं कारण वेगळं आहे असं मला वाटतं. आजोबांचा बार शेवटचा राहावा, त्यावर आपला चढवू नये. तुम्ही हे कधी बोलला नाहीत, आईनं सांगितलं. त्यावर वाद घालायची माझी हिंमत नाही. पण पुढचा चाप उजव्या नळीचा असतो, आणि आजोबा कायम पुढचाच ओढायचे. डावी नळी तशीच भरलेली राहायची आणि पहाटे ते त्यातलं काडतूस काढून खिशात टाकायचे. उजवी नळी त्यांची राहू दे. तुम्ही डावीतून काढा.

मी कसं करायचं ते पाहून ठेवलंय. आधी जाणकार कारागिराकडून नळ्यांची जाडी आणि बंदुकीची आतली कुलपं तपासून घेऊ, तुमच्या समोर, मुलामा-पॉलिश काही नाही. नळ्यांच्या पोटाशी काडतुसाची लांबी आणि दाब सांगणारे "२½ इंच" आणि "३ टन" असे छाप आहेत, मी भिंगातून वाचले. म्हणजे पासष्ट मिलिमीटरचंच काडतूस. सत्तरचं आत बसेल, पण फुटताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. छर्रे अठ्ठावीस ग्रॅमच्या वर नकोत, तुमच्या खांद्यालाही तेच बरं. आपल्यासारखी बारा बोअरची बंदूक चालते अशा नेमबाजीच्या रेंजची लेखी परवानगी काढू. परवाना तुमचा, त्यामुळे बंदूक तुमच्याच हातात राहील, मी फक्त कानाला लावायचे मफ घेऊन मागे उभी राहीन. मोतीबिंदूच्या डॉक्टरांना आधी विचारायचं, ते नको म्हणाले तर हा बेत पुढे ढकलू.

दुसरं काम परवान्याचं. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे: परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मागता येतो. तुमच्या बाबतीत दोन्ही झालंय. आजोबा गेल्यावर तुम्ही कागदांसाठी किती खेटे घातलेत ते मी पाहिलंय. या वेळी आपण दोघं बरोबर जाऊ. ती माझ्याकडे आली तर मी तिला वर्षातून चार-सहा वेळा रेंजवर नेईन आणि घरी आल्यावर जेवायच्या आधी पुसून ठेवीन.

शनिवारी धनत्रयोदशीला येतेच आहे. तोवर एवढंच करा: दुकानदाराला फोन करून नको म्हणून सांगा, आणि दुनळी चामड्याच्या केसमधून काढून सुती पिशवीत घालून कपाटात कुलूप लावून ठेवा. आई, तुझी एखादी जुनी, खूप धुतलेली सुती साडी काढून ठेव. स्टार्चची नको, मऊ हवी. चिंद्या करायच्या आहेत.

तुमची लेक