आल्प्स सायकल सहल : सहभागी सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, फ्रान्समध्ये लेमान (जिनिव्हा) सरोवराकाठच्या थोनों-ले-बें या गावाहून शनिवार, दि. 4 जुलै रोजी सकाळी 7 वाजता आपली सहल निघेल आणि इझरां (2,764 मीटर), गालिबिए (2,642 मीटर) व इझुआर हे घाट ओलांडत सुमारे 700 किलोमीटरनंतर नीस येथे संपेल.

सोबत गाडी नसल्याने प्रत्येकाने आपले सामान, दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य आणि नवे ब्रेक पॅड स्वतःच बाळगावेत. पॅडबाबत चालढकल मुळीच नको; ओझ्यासह लांब उतारावर ते फार लवकर झिजतात.

१. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, म्हणून मोठे घाट सकाळीच चढावेत. माथ्यावर थंडी असते. उतरण्यापूर्वी जाकीट व हातमोजे घालावेत.

२. बोगद्यांत दिवे आणि परावर्तक जाकीट आवश्यक आहे.

३. लहान गावांतील दुकाने दुपारी बऱ्याचदा बंद असतात. खाणे आधीच घ्यावे.

एकट्याने पुढे जाऊ नये. प्रत्येक माथ्यावर सर्वजण येईपर्यंत थांबावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे. आपत्कालीन क्रमांक 112 आहे. प्रवासविम्याची प्रत 20 जूनपर्यंत संयोजकांकडे द्यावी.