कुठं दुखतंय असं विचारणाऱ्या आजोबांना

आजोबा,

समोर मी तुम्हाला नावानंच हाक मारते, इथली पद्धतच ती, पण मराठीत लिहायला बसले आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला नुसतं नावानं बोलवायला हात धजेना. म्हणून आजोबा. हे तुम्हाला वाचता येणार नाही हे माहितीय, शनिवारी कॉफीला येईन तेव्हा वाचून दाखवेन आणि जमेल तसा अर्थ सांगेन. माझ्या बर्फावरच्या गाडीच्या सल्ल्याबद्दल इंग्रजीत मी तुम्हाला दोनदा थँक यू म्हटलं आणि दोन्ही वेळा तुम्ही मान हलवून पाना शोधायला निघून गेलात, त्यामुळे म्हटलं एकदा आपल्या भाषेत पोटभर बोलून घ्यावं. इतर मराठी मंडळीही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं पाल्हाळ लावते, चालवून घ्या.

तर मंडळी, मी सांगलीची. बारा वर्षं झाली होटनला. अमेरिकेतल्या मिशिगनचा वरचा तुकडा, त्यातून लेक सुपीरियरमध्ये घुसलेलं कीविनॉ नावाचं बोट, आणि त्या बोटाच्या पेरावर आमचं गाव. वारा त्या अजस्र तळ्यावरून पाणी उचलतो आणि बर्फ करून आमच्या डोक्यावर ओततो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात इथं ३९०.४ इंच बर्फ पडला होता, म्हणजे साडेबत्तीस फूट, हायवेच्या कडेला थर्मामीटरसारखा उंच बोर्ड उभा केलाय त्याचा आणि आपण आयर्विन पुलावर पुराची पातळी बघायला जातो तसे लोक तिथं थांबून माना वर करून बघतात. अशा गावात गाडी म्हणजे स्नोमोबिल, बर्फावरची मोटरसायकलच म्हणा, चाकांऐवजी पुढं स्की आणि मागं फिरता रबरी पट्टा, पण तो शब्द इथं फारसा कुणी वापरत नाही, सगळे स्लेड म्हणतात. होटन आणि हॅनकॉकच्या मधला उचलता येणारा पूल आहे ना, हिवाळ्यात त्याच्या वरच्या मजल्यावरून कार आणि खालच्या मजल्यावरून स्लेड जातात, एवढी ती नेहमीची गोष्ट.

मला हे वेड लागलं त्याचं कारण बाबांची आरएक्स १००. कॉलेजला असताना मी ती उसाच्या ट्रॅक्टरांच्या मधून काढायची आणि घरी येऊन बोलणी खायची. इथं पहिल्यांदा कुणाच्यातरी टू-स्ट्रोक स्लेडच्या मागं उभी राहिले, तो तेलकट धूर नाकात गेला आणि मी थेट विश्रामबागला पोचले. (यामाहानं १९६८ पासून बनवलेल्या स्लेड २०२५ च्या मॉडेलनंतर बंद केल्या, त्याचं मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाईट वाटलं, ते असो.)

चार वर्षांपूर्वी मी पहिली नवी स्लेड घेतली ती चुकीची घेतली. चुकीची घेतली म्हणण्यापेक्षा गळ्यात मारली गेली. नवरा सोबत होता, बिचारा घरून सॉफ्टवेअर करतो, थंडी त्याला बघायलाही आवडत नाही, तो नुसता गाडी चालवत मला शोरूमला घेऊन आला होता. तर सेल्सवाला पाऊण तास त्याच्याशीच बोलतोय! हॉर्सपॉवर त्याला सांगतोय, ईएमआय त्याला सांगतोय, मी मधे काही विचारलं की उत्तर त्याच्याकडे बघून. शेवटी माझ्याकडे वळून काय म्हणाला, तर मॅडमसाठी कम्फर्ट बघूया. आणि फोर-स्ट्रोक टूरिंग दाखवली, मागं दुसऱ्याला बसायला सीट, गरम हँडल, गरम सीट, वजन तीनशे किलोच्या आसपास. मला वळणं घ्यायची असतात, उभं राहून खड्ड्यांतून काढायची असते, दिवसाला दीड-दोनशे मैल जायचं असतं, हे मी तीनदा सांगितलं. पण कम्फर्ट.

ती गाडी वाईट नव्हती. सरळ रस्त्याला म्हशीसारखी शांत. पण पुढचा भाग जड, त्यामुळे वळणात हँडल वळवलं तरी नाक सरळच जायचं, आणि एकदा लॅक ला बेलच्या बाजूला ट्रेलच्या, म्हणजे स्लेडसाठी आखलेल्या वाटेच्या, कडेला घसरून भुसभुशीत बर्फात रुतली ती मला एकटीला हलेना. दोन तास उकरत होते. त्या दोन तासांत सेल्सवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मी शुद्ध सांगलीच्या भाषेत केला, सुदैवानं ऐकायला फक्त झाडं होती.

नंतर बदलायची ठरवली तेव्हा आणखी दोन शोरूम झाल्या. एकीत १८० हॉर्सपॉवरचा टर्बोच घ्या, त्याखालचं काही घेतलं तर पस्तावाल. दुसरीत मार्चच्या आत ॲडव्हान्स भरा, नंतर ही किंमत नाही, हे रंग नाहीत. पंधरा हजार डॉलरच्या पुढची वस्तू आणि चालवून बघू का विचारलं तर पार्किंगमध्ये बसून बघा म्हणे! साडीच्या दुकानात सुद्धा पदर उलगडून दाखवतात हो.

आजोबा, तुमच्याकडे मी आले ती खरेदीसाठी नाही. शॉकमधून तेल गळत होतं आणि स्लेड क्लबमधल्या कुणीतरी सांगितलं की कॅल्युमेटजवळ एक म्हातारा त्याच्या गॅरेजमध्ये शॉक उघडून देतो, वीसेक वर्षं रात्रीचा ग्रूमर, म्हणजे ट्रेलवरचा बर्फ सपाट करणारं यंत्र, चालवायचा, त्याला ट्रेलचा खड्डा न् खड्डा माहिती आहे. तुम्ही माझी गाडी बघितली, मग मला बघितलं, आणि विचारलं, ही तू निवडलीस? बस. त्या एका प्रश्नावर मी अर्धा तास बोलत होते आणि तुम्ही सील बदलत ऐकत होता.

मग तुम्ही मला शिकवलं ते आधी कुणी सांगितलंच नव्हतं. ग्रूमर रात्री का फिरतो, तर कापलेला बर्फ थंडीत बसायला, घट्ट व्हायला वेळ मिळावा म्हणून, आणि शनिवारी दुपारपर्यंत शेकडो गाड्या जाऊन त्याच ट्रेलची पत्र्याच्या पन्हाळीसारखी अवस्था होते, तर गाडी निवडायची ती त्या दुपारसाठी, सकाळच्या गुळगुळीत ट्रेलसाठी नाही. १२९ इंची ट्रॅक, म्हणजे गाडीखालचा तो पट्टा, वळणात चपळ पण प्रत्येक उंचवट्यामधल्या खड्ड्यात उतरतो, १४६ खड्ड्यांवरून पूल टाकल्यासारखा जातो पण वळताना कुरकुरतो, १३७ मधला. रेस खेळणाऱ्यांचे कडक शॉक पाहिजेत असं मला वाटायचं, तुम्ही म्हणालात कडक घे पण हातानं सैल करता येणारे घे, कारण शंभराव्या मैलाला तू सकाळची तू नसतेस.

आणि मग फेब्रुवारीतला तो दिवस. तुम्ही स्वतःच्या ८५० सीसी स्लेडची किल्ली माझ्या हातावर ठेवलीत. टाकी भरलेली, मागच्या बॅगेत जास्तीचा बेल्ट आणि लोकरीचे कोरडे हातमोजे, ट्रॅकजवळचे स्क्रॅचर खाली सोडलेले (कडक बर्फावर ते बर्फ खरवडून वर उडवतात, नाहीतर इंजिन गरम होतं, हेही मला तेव्हाच कळलं). म्हणालात कॉपर हार्बरला जाऊन ये, शंभर मैल व्हायच्या आधी परत आलीस तर दार उघडणार नाही. ओळख किती, तीन आठवडे!

मी गेले. काय चालवली म्हणून सांगू. ब्रॉकवे माउंटनवर चढले, खाली अख्खा सुपीरियर करडा पसरलेला, वर मी एकटी आणि तो टू-स्ट्रोकचा वास. आणि उतरताना एका वळणावर जरा जास्तच बाहेर गेले नि स्प्रूसच्या फांदीनं उजव्या पॅनेलवर वीतभर ओरखडा काढला.

परतीचे पन्नास मैल मी गाडी चालवत नव्हते, माफीची वाक्यं पाठ करत होते. पैसे भरते, नवीन पॅनेल मागवते, आय ॲम सो सॉरी, असं सगळं हेल्मेटच्या आत पुटपुटत आले. अंधार पडला होता, तुम्ही गॅरेजच्या दारात उभे. मी उतरले आणि ओरखड्याकडे बोट करून सुरू होणार तेवढ्यात तुम्ही माझा हातमोजा ओढून काढलात, मला दिव्याखाली नेलंत आणि चष्मा कपाळावर सरकवून माझा तळवा बघायला लागलात.

मी म्हटलं, पॅनेल. तुम्ही म्हणालात, कुठं दुखतंय?

मी पुन्हा पॅनेल म्हटलं. तुम्ही पुन्हा तेच, व्हेअर डझ इट हर्ट, जरा मोठ्यानं, जसं बहिऱ्याला विचारतात. गाडीकडे अजून एकदाही बघितलं नव्हतंत. तुमचं बोट खरखरीत, ग्रीसच्या वासाचं, ते माझ्या डाव्या करंगळीखालच्या फोडावर थांबलं. म्हणालात, उभी राहतेस तेव्हा हँडल वर ओढतेस, म्हणजे हँडल तुला बुटकं पडतं, उंच कर. (मी पाच फूट आठ इंच आहे, तरी आधीच्या शोरूमनं लेडीज म्हणून सीट आणि हँडल दोन्ही खाली करून दिलं होतं!) मग उजव्या अंगठ्याचं मूळ दाबलंत, मी कळवळले. थ्रॉटल अंगठ्यानं दाबायचा असतो. तुम्ही म्हणालात, दिवसभर अर्ध्यावर धरून ठेवलास, पूर्ण दाबायची हिंमत झाली नाही आणि सोडवतही नव्हता, म्हणून इथं ठणकतंय, ८५० चे १६५ घोडे तुला बांधून ठेवावे लागले, ६०० च्या १२५ ना तू मोकळं सोडशील. कमरेत? म्हटलं कमरेत काही नाही. मग १३७ बरोबर आहे, म्हणालात, आणि हात सोडून दिलात.

आमच्या सांगलीत हात बघून लग्न कधी होईल सांगणारे खूप पाहिलेत, हात बघून इंजिन सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

खरं सांगू का, तो सल्ला नंतर दुसऱ्या कुणी सुद्धा दिला असता. माझ्या डोक्यातून जात नाही तो वेगळाच क्षण आहे. तुमची दहा-बारा हजार डॉलरची गाडी ओरखडलेली समोर उभी होती आणि तुम्हाला माझा हात बघायचा होता. एवढ्या शोरूम झाल्या, बजेट किती विचारलं, किती एचपी पाहिजे विचारलं, चालवणार कोण हे तर तीनदा विचारलं, पण कुठं दुखतंय हे कुणाला सुचलं नाही. लहानपणी पडून घरी आलं की आई आधी गुडघा बघायची आणि सायकलचं नंतर विचारायची, तसं झालं मला, आणि मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तुमच्या गॅरेजमध्ये नाक ओढत उभी होते. तुम्हाला वाटलं थंडीनं वाहतंय. तसंच वाटू दे.

त्या रात्री तुम्ही बॉम्बार्डिएची गोष्ट सांगितलीत. १९३४ चा हिवाळा, क्वेबेकमधलं वालकूर, दोन वर्षांचा मुलगा आजारी आणि बर्फानं रस्ते बंद, दवाखान्यात नेता आलं नाही, पोर गेलं. बाप मेकॅनिक. त्यानं पुढं बर्फावर चालणाऱ्या गाड्या करायच्या सोडल्या नाहीत, १९३७ मध्ये पट्ट्याच्या यंत्रणेचं पेटंट घेतलं, सात माणसं बसतील अशी गाडी केली, आणि लहानशी स्की-डू आली थेट १९५९ ला. आपण ज्याच्यावर बसून हुंदडतो त्याच्या मागं वेळेत दवाखान्यात न पोचलेलं एक मूल आहे, आणि आज तीच वस्तू विकणाऱ्याला समोरच्या माणसाचा हात दिसत नाही. असो, सगळेच तसे नसतात, ट्रेलवर बंद पडलेल्या गाडीजवळून कुणी न थांबता गेलंय असं मी इथं अजून बघितलं नाही. शोरूमचं हवामानच वेगळं असावं.

तर मी ६०० घेतली, १३७ इंची, पट्ट्याला सव्वा इंचाचे दात, हातानं फिरवायचे शॉक, हँडल उंच करायला दोन इंचांचा रायझर, आणि लांबच्या पल्ल्यासाठी उंच विंडशील्ड नि मागं पेट्रोलचा कॅन, कारण दाबून चालवली की शंभर-सव्वाशे मैलांत टाकी तळाला जाते. नोव्हेंबरमध्ये आली. गेल्या शनिवारी मी दक्षिणेला बिल निकल्स ट्रेलनं निघाले, फायरस्टील नदीवरचे ते तीन उंच पूल ओलांडले, पुढं गेले, परत आले, एकूण २१० मैल. दुपारी ट्रेलची पन्हाळी झालीच होती, मी उभ्यानं काढली. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली हातमोजा काढला आणि तळवा बघितला. काही नाही. एक लाल ठिपका सुद्धा नाही. नवरा म्हणाला हात का बघत बसलीयस, मला सांगता येईना, म्हणून हे पत्र.

शनिवारी येतेय. करंज्या आणतेय, त्या तुम्ही गोड पेस्टी समजून खाता तेच बरोबर आहे, तुमच्या खाणकामगारांची पेस्टी म्हणजे आमची फुगलेली, मांस नि बटाटा भरलेली करंजीच. फक्त एक. परवा येऊन गेले तेव्हा बघितलं, त्या ओरखड्यावर तुम्ही सिंहाचं स्टिकर लावलंय आणि विचारलं तर म्हणता ते आधीपासूनच होतं. आजोबा, नव्हतं. पॅनेलचे पैसे घ्या, नाहीतर डबा तसाच परत नेईन.

तुमची,
तीनशे किलोची म्हैस विकून मोकळी झालेली सांगलीची पोरगी