स्क्रीनवरचं ॲव्हरेज आणि पंपावरचा हिशेब

मा. संपादक,

गुहागरला मी पर्यटकांची गाडी चालवतो. मागच्या आठवड्यात टाकी फुल केल्यावर ४१२ किलोमीटरला २४.३ लिटर पेट्रोल लागलं, म्हणजे लिटरला १७. गाडीतली स्क्रीन मात्र १८.६ दाखवत होती. पंपावर माप मारतात असं वाटून मी पाच लिटरचं माप मागितलं. तो ग्राहकाचा हक्कच आहे. पेट्रोल बरोबर रेघेला आलं. उगाच संशय घेतला, याचं वाईट वाटलं.

मेकॅनिकने उलगडा केला. गाडी पेट्रोल मोजत नाही. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून अंदाज बांधते. शिवाय आमच्या पंपाची जागा उतरती. गाडी कलती असली की पंपाचा नोझल कधी टाकी भरायच्या आधीच बंद होतो, कधी लिटरभर जास्त जातं. एका टाकीवरून काढलेलं ॲव्हरेज म्हणूनच फसवं. सलग तीन टाक्यांचा हिशेब केला तेव्हा १७.५ आलं.

तरीही स्क्रीन पुढेच आहे. भाडं ठरवताना आम्ही तोच आकडा धरतो आणि नुकसान सोसतो. हा आकडा अंदाजी आहे, एवढं तरी कंपन्यांनी माहितीपुस्तिकेत मराठीतून ठळक छापावं.

– एक वाहनचालक, गुहागर